डोळ्याला एक, पायात दोन

जालन्याच्या एमआयडीसीत छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यानं शिरलं की आधी भंगाराचे ढीग दिसतात. हे भंगार इंडक्शन भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट ओतले जातात, आणि लालभडक बिलेट रोलिंग मिलमधून ओढले जाऊन सळई होऊन बाहेर पडतात. राज्यात कुठंही स्लॅब पडत असला तरी त्यात जालन्याची सळई असू शकते. याच वसाहतीच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये मान वर करून पाहिलं की गच्चीगच्चीवर सळया उभ्या दिसतात, कॉलमातून हात-दोन हात वर सोडलेल्या, गंजून तांबूस झालेल्या. पुढंमागं वर एक खोली काढू, या हिशेबानं मालकानं त्या ठेवलेल्या असतात.

कामगाराचं घर एका दमात बांधून होत नाही. पीएफचे पैसे येतात, मुलगा कामाला लागतो, गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला जातो, तसं ते एकेका खोलीनं वाढतं. म्हणून जुन्या घराला नवं बांधकाम जोडायचं कसं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. तो चुकला तर आयुष्याची पुंजी घातलेली भिंत दरवर्षी फाटत राहते आणि दरवर्षी तिच्यावर पुन्हा पैसा ओतावा लागतो.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. त्यातले काका रोलिंग मिलमधून निवृत्त झालेले फिटर आहेत आणि पुतणी संभाजीनगरला काम करणारी आर्किटेक्ट. घर ३० बाय ६० च्या प्लॉटवरचं, १९९४ साली बांधलेलं: नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, पुढं चार कॉलमचा पोर्च, आत शहाबादी फरशी. मागं मोकळी जागा. काकांना म्हाताऱ्या आईसाठी खाली एक खोली हवी आहे आणि मुलाच्या लग्नाआधी वर एक. अशी घरं या भागात शेकड्यांनी आहेत आणि असे वादही.

काका : माझं एकच म्हणणं आहे, पोरी. काम झाल्यावर कुणाला कळता कामा नये की ही खोली मागून काढली. सगळं घर एका दिवशी बांधल्यासारखं दिसलं पाहिजे.

पुतणी : एवढा आग्रह कशासाठी, काका? घर तीस वर्षांचं आहे. नवी खोली नवी दिसली तर बिघडलं काय?

काका : आईला बिघडतं. ती आत्तापर्यंत मधल्या खोलीत झोपली. आता तिला मागं न्यायचं आणि ती जागा गोठ्यासारखी, शेडसारखी दिसली, तर ती तोंडानं काही बोलणार नाही, पण तिला वाटेल की आपल्याला घराबाहेर काढलं. दुसरं म्हणजे, लोक ठिगळ लावलेलं घर लगेच ओळखतात. आयुष्यभर मिलच्या आवाजात कान घालवले, घर तरी धड दिसू दे.

पुतणी : आजीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. ते मी आराखड्यात सगळ्यात वर लिहून ठेवते. पण आधी मागचं बाथरूम बघू. तुम्ही नंतर जोडलेलं.

काका : त्यात काय बघायचं?

पुतणी : खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग.

काका : ती दर दिवाळीला भरून घेतो. पुट्टी मारतो, रंग देतो. मे महिन्यात परत उघडते. गवंडी म्हणतो, यंदा जाळी मारून गिलावा करू, मग जाईल.

पुतणी : जाळीनं नाही जायची. या बाथरूमचा पाया किती खोल घेतला होता?

काका : दोन फूट. बाथरूमला किती लागतो?

पुतणी : आणि घराचा?

काका : पाच फूट. मुरूम लागेपर्यंत खोदलं होतं. मी स्वतः उभा होतो.

पुतणी : मग भेगेचं कारण तुम्हीच सांगितलंत. घर मुरमावर बसलंय, बाथरूम काळ्या मातीवर. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तीच माती आहे ही. जागेप्रमाणे वरचा दीड-दोन मीटरचा, कुठं त्याहूनही जास्त थर ऋतूबरोबर हलत राहतो. म्हणजे बाथरूम दरवर्षी किंचित वर जातं, किंचित खाली येतं. घर हलत नाही. दोघांना गिलाव्यानं बांधलंय, तो गिलावा फाटतो.

काका : मग नव्या खोलीचा पायाही मुरमापर्यंत नेऊ. विषय संपला.

पुतणी : अर्धा संपला. जुन्या घराखालची जमीन तीस वर्षं दाबून बसली आहे. नवं बांधकाम पहिल्या दोन-चार पावसाळ्यांत आपलं आपलं बसणार. थोडंच बसेल, पण बसेल. तेव्हा जुनी भिंत आणि नवी भिंत एकमेकींना घट्ट धरून असतील तर दोघींपैकी कमजोर असेल ती फाटेल.

काका : गवंडी म्हणतो जुन्या भिंतीला भोकं पाडू, सळया ठोकू, केमिकल भरू. एकजीव होईल.

पुतणी : सळई वापरून कॉलम-बीमला कॉलम-बीम जोडता येतात, त्याचं गणित असतं. तुमची भिंत विटांची आहे. तिच्यात सळई ठोकून नवी खोली टांगली तर नव्या खोलीचं बसणं ती सळई थेट जुन्या विटांना देणार. तुम्ही मिलमध्ये मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टला वेल्ड करत होतात का?

काका : वेडी आहेस का? मधे कपलिंग असतं. अलाइनमेंट केसभर जरी सरकली तरी वेल्ड केलेला शाफ्ट तुटेल, नाहीतर बेअरिंग जाईल.

पुतणी : घरालाही तेच लागतं. दोन्ही भागांमध्ये साधारण २५ मिलिमीटरची फट, पायापासून कठड्यापर्यंत सलग. भिंत वेगळी, स्लॅब वेगळा, प्लिंथ बीम वेगळा. फटीत दबणारा बोर्ड, बाहेरून लवचीक सीलंट, आतून ॲल्युमिनियमची पट्टी. पट्टी एकाच बाजूला स्क्रूनं बसवायची, दुसऱ्या बाजूला नुसती टेकवायची, म्हणजे ती सरकू शकते. शिवाय ऊन आहेच. काँक्रीट दहा मीटर लांब असेल आणि तापमान तीस अंशांनी वाढलं तर ते साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. जालन्याच्या उन्हाळ्यात गच्चीवर हे रोज घडतं.

काका : ते पटतं. पण फट म्हटली की पाणी आलं, मुंग्या आल्या.

पुतणी : पाणी गच्चीवरच अडवायचं. फटीच्या दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंचांचे कट्टे उचलायचे आणि वर एकाच कट्ट्याला बांधलेली टोपी ठेवायची. गच्चीचा उतार फटीकडे न देता दोन्हीकडे बाहेर द्यायचा. जोड गळतो तेव्हा बहुतेक वेळा पैसे वाचवायला हा कट्टाच गाळलेला असतो.

इथं मी थोडा थांबतो, कारण काकांच्या मनातल्या एकसंध घराला मराठवाड्यात मोठी परंपरा आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. आपली माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं खणांवर वाढायची. दोन लाकडी खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर मोजायचं ते खणांनी. भावाचं लग्न झालं, धान्य वाढलं, की आणखी दोन खण. सुतार तेच अंतर घेई, तुळई त्याच उंचीवर बसे, माळवद त्याच पातळीत पुढं सरके. नवं लाकूड पहिली काही वर्षं फिकट दिसत असेल. पण मापं तीच असल्यानं घर तुटक वाटत नसे. नवं आणि जुनं एक दिसलं ते मापामुळं, आणि आजच्या बांधकामात हरवलंय ते नेमकं हेच. रंग जुळवायला आपण डबे घेऊन धावतो, टेप मात्र लावत नाही.

त्याच परंपरेत एक दुसरी भर पडत गेली, जी कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही. माळवद गळायला लागलं की वर मातीचा नवा थर टाकायचा. वर्षानुवर्षं असे थर चढत गेले. खालच्या भिंती दगडमातीच्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतवलेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा त्या भिंती फुटल्या आणि ते वजन झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. हा भाग त्या वेळी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात मोडत होता; पुढं २००२ च्या मानकात ते पहिलं क्षेत्रच काढून टाकलं गेलं. मराठवाड्यात घराला काही जोडताना किंवा घरावर काही चढवताना हा इतिहास विसरून चालणार नाही. भर दिसते कशी याआधी ती वजन कुठं टाकते, हे विचारायला हवं.

किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. लोकांनी पुढं त्यांना ओसऱ्या काढल्या, खोल्या जोडल्या. वाढणाऱ्या घराचा विचार आधीच करणाराही एक वास्तुकार आपल्याकडं होऊन गेला. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज उभारलं, तेव्हा शेजारच्या घराशी भिंत सामाईक ठेवली नाही. प्रत्येकाला आपलं घर शेजाऱ्याला धक्का न लावता वाढवता यावं, हा हेतू होता. तिथल्या रहिवाशांनी पुढं घरं इतकी वाढवली की कित्येक मूळ घरं आता ओळखू येत नाहीत. तरीही दूरदृष्टी कोरियांचीच खरी मानायला हवी, कारण घर वाढणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

आता पुन्हा काकांच्या अंगणात.

पुतणी : पायाचं ठरलं. आता दिसण्याचं. मी म्हणते, नवी खोली उघड्या विटांची करू. फ्लाय ॲशच्या विटा, नीट दरजा भरलेल्या, गिलावा नाही. जुनं जुन्यासारखं, नवं नव्यासारखं. १९६४ साली व्हेनिसला जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद तयार झाली, तिचं सूत्रच असं आहे की नवी भर मूळ कामाहून वेगळी ओळखू आली पाहिजे. औंढा नागनाथला तुम्ही गेलात ना? खाली काळ्या दगडाचं कोरीव मंदिर, वरचा भाग मागाहून झालेला. दोन काळ उघड दिसतात आणि कुणाला त्याचं वाईट वाटत नाही.

काका : देवळाचं देवळाला. तिथं हजार वर्षांनी कुणी अभ्यासक येणार, त्याला कळलं पाहिजे जुनं कुठलं. माझ्या घरी कोण येणार आहे अभ्यासाला? माझं घर म्हणजे काय बीबी का मकबरा आहे?

या मुद्द्यावर मी काकांच्या बाजूचा आहे. जतनाचे नियम स्मारकांसाठी झाले. तिथं खोटा जुनेपणा हा इतिहासाशी खोटेपणा ठरतो. राहत्या घरात पहिला मान राहणाऱ्यांचा. आजीला त्या खोलीत परकं वाटत असेल तर आर्किटेक्टचा प्रामाणिकपणा तिच्या काय कामाचा? पण पुतणी मकबऱ्याचा धागा सोडायला तयार नाही, आणि तिचं उत्तरही मला तितकंच आवडतं.

पुतणी : मकबऱ्याचंच घ्या. खाली कमरेच्या उंचीच्या आसपास संगमरवर, त्याच्या वर घुमटाच्या तळापर्यंत आपला काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा, घुमट पुन्हा संगमरवरी. एका इमारतीत साहित्य दोनदा बदललं, तरी लांबून डोळा अडखळत नाही. का? बदल झाला तो ठरलेल्या आडव्या रेषेवर झाला. भिंतीच्या मध्येच कुठंतरी नाही.

काका : म्हणजे तू मला काय करायला सांगतेस?

पुतणी : विटांचा हट्ट मी सोडते. तुम्ही मला रेषा द्या. जोत्याची, खिडकीच्या तळाची, लिंटेलची, छज्ज्याची आणि कठड्याची. या पाच रेषा जुन्या घरावर लेव्हल पाइपनं मोजायच्या आणि नव्या खोलीवर तशाच पुढं न्यायच्या. तुमच्या खिडक्या उभ्या आहेत, तीन फूट बाय चार. नव्या खोलीला सहा फुटांची आडवी सरकती खिडकी बसवली की पाचही रेषा जुळूनसुद्धा खोली उपरी दिसेल.

काका : सरकती नकोच. आणि छज्जा दीड फुटाचाच घे, जुना दीडचा आहे. हल्ली छज्जा देतच नाहीत, मग पाऊस थेट आत.

पुतणी : देऊ. भिंतीची जाडीही सांभाळायची आहे. नऊ इंची भिंतीत खिडकी आत बसते, तिच्याभोवती सावली पडते. कॉन्ट्रॅक्टर सहा इंची ब्लॉकची भिंत उभी करतो, खिडकी बाहेरच्या पृष्ठभागाला येते आणि घराचा तोंडवळा सपाट होतो. भिंत सहा इंचीच ठेवली तरी खिडकीभोवती अडीच-तीन इंचांची चौकट बाहेर काढू, सावली परत मिळेल.

काका : रंगाचं काय? जुन्या भिंतीच्या रंगाचा नंबर माझ्याकडं लिहून ठेवलाय.

पुतणी : त्या नंबराचा डबा आणूनही जुळणार नाही. जुन्या भिंतीनं वसाहतीची धूळ आणि ऊन खाल्लंय. गिलाव्याची वाळूही वेगळी. तेव्हा नदीची होती, आता क्रश सँड. दुपारी चारचं तिरपं ऊन पडलं की दोन्हींचा पोत लगेच कळतो. म्हणून रंग भिंतीच्या मध्ये थांबवायचा नाही, कोपऱ्यापर्यंत न्यायचा. जुनी मागची भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नव्यानं रंगवू.

काका : आणि फरशी? मी सांगतो तुला. आई अनवाणी चालते. तिला डोळ्यानं नीट दिसत नाही, पण पायाला सगळं कळतं. दाराशी अर्धा इंच जरी चढ राहिला तरी ती ठेचकाळणार.

पुतणी : हे मी लिहूनच घेते. दोन्ही फरश्या एका पातळीत. जोडावर फरशीच्या बरोबरीनं बसणारी धातूची पट्टी, उंबरा उचललेला नाही. शहाबादी अजून मिळते, तीच टाकू. चकचकीत टाइल्स ओल्या पायाला घसरतात.

फरशीचा मुद्दा काकांनी जिंकला आणि तो सगळ्यांत मोलाचा मुद्दा होता. आर्किटेक्ट मंडळी दर्शनी भागाच्या चित्रात रमतात. घर एकसंध आहे की नाही, हे रात्री दिवा न लावता पाणी प्यायला उठलेल्या माणसाला सर्वांत आधी कळतं.

काका : आता वरच्या खोलीचं. तिथं अडचण नाही. मी चौऱ्याण्णव सालीच सळया सोडून ठेवल्यात.

पुतणी : त्या कुठल्या कॉलमच्या आहेत, काका?

काका : पोर्चच्या. चारही.

पुतणी : आणि मधल्या खोल्यांना कॉलम आहेत?

काका : …नाहीत. भिंतींवरच स्लॅब आहे.

पुतणी : म्हणजे वरची खोली पोर्चवर अर्धी आणि भिंतींवर अर्धी बसणार. नऊ इंची भिंत आणखी एक मजला घेऊ शकेलही, पण तिचा पाया किती रुंद आहे ते उघडून पाहिल्याशिवाय कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये. त्या सळयाही बघा. पीळ दिलेल्या टॉर सळया आहेत, जुन्या ४१५ ग्रेडच्या. तीस पावसाळे उघड्यावर काढलेत.

काका : गंज ब्रशनं काढू आणि नवी सळई लॅप करू. ५०० डी घेऊ. ती निदान १६ टक्के ताणली जाते, साधी ५०० निदान १२. मला नको सांगूस सळईचं.

पुतणी : तुम्हाला कोण सांगणार! पण लॅपला, म्हणजे जुनी आणि नवी सळई शेजारी बांधतात त्या लांबीला, साइटवर व्यासाच्या पन्नास पट धरतात. १६ मिलिमीटरच्या सळईला ८०० मिलिमीटर. तुमच्या सळया वर आहेत जेमतेम दीड फूट, म्हणजे साडेचारशे. त्यातही बुडाशी, काँक्रीटमधून बाहेर येतात तिथं, गंजून बारीक झाल्यात. अशा सळया सोडायच्याच असतील तर लांब सोडायच्या आणि त्यांच्याभोवती हलकं काँक्रीट ओतून झाकायच्या. जालन्यात सळई बनते, पण गच्चीवर ती झाकणारे फार थोडे.

काका : मग काय, वर पत्रे टाकू? सुनेला पत्र्याखाली ठेवू?

पुतणी : पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर जातं. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनल दहा-बारा किलोचं असतं आणि उष्णताही अडवतं. जुन्या भिंतींवर काही चढवायचंच झालं तर मी तेच चढवीन. पण मला त्याहून बरं सुचतंय. वरची खोली जुन्या घरावर नकोच. आजीच्या नव्या खोलीवर घेऊ. तिथं पाया नवा, कॉलम नवे, मजल्याचा हिशेब पहिल्यापासून धरलेला. जुन्या घराची गच्ची त्या खोलीचं अंगण होईल.

काका : आणि रस्त्यावरून?

पुतणी : रस्त्यावरून तुमचं चौऱ्याण्णवचं घर पुढं, जसंच्या तसं. नवं काम मागं, जुन्या कठड्याच्या वर थोडं डोकावणारं. मात्र दोन मजल्यांचं काम एका मजल्याच्या शेजारी जास्त बसतं, त्यामुळं फट आता टाळताच येणार नाही. उलट मी ती मोठी करते. चार फूट.

काका : चार फूट? इंच म्हण.

पुतणी : फूट. नवी खोली मागच्या भिंतीला चिकटवली तर स्वयंपाकघराची खिडकी बंद. मधली खोली आत्ताच दिवसा दिवा मागते. मध्ये चार फुटांचा मोकळा चौक सोडू, आणि एका बाजूनं छत असलेला बोळ जुन्या दारापासून आजीच्या दारापर्यंत. फट फक्त बोळ जिथं जुन्या भिंतीला टेकतो तिथं राहील. नवा पायाही जुन्यापासून चार फूट लांब जाईल, म्हणजे खोदताना जुन्या पायाखालची माती सुटणार नाही.

काका : या भावात चार फूट जमीन मोकळी सोडायची…

पुतणी : तिथं तुळस राहील, भांड्यांची मोरी राहील, आणि आजीला खाटेवरून स्वयंपाकघर दिसेल. चौकातून जाणारा आवाज तिला आणि तुम्हाला दोघांनाही ऐकू येईल.

काका : …आईला विचारतो.

जिथं एवढी जागा नाही तिथंही मार्ग आहे. नव्या खोलीचे कॉलम जुन्या भिंतीपासून दोन-अडीच फूट अलीकडं घ्यायचे आणि बीम-स्लॅब तिथून जुन्या भिंतीकडं पुढं काढायचा, मध्ये इंचाची फट ठेवून. जुन्या पायाच्या तळाखाली खोदावंच लागलं तर पायांच्या पातळ्यांमधला उतार दोन आडवे-एक उभा याहून तीव्र नको, हा जुना नियम पाळायचा आणि सलग चर न खणता तीन-चार फुटांचे तुकडे एकाआड एक खणायचे. मुरूम फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं काळ्या मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगीर कंद असणारे पाइल आहेत. त्यांचा कंद हलत्या थराच्या खाली जाऊन बसतो.

परवानगीचं थोडक्यात. प्लॉट एमआयडीसीच्या हद्दीतला असेल तर नियोजन प्राधिकरण एमआयडीसी स्वतः आहे. तिचे प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात आणि वाढीव बांधकामाचा नकाशा तिथंच मंजूर करून घ्यावा लागतो. हद्दीबाहेर शहरात असाल तर २०२३ पासून महानगरपालिका. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रित नियमावलीतली सामासिक अंतरं तिथं पाळावी लागतात. बाजूचं सामासिक अंतर गिळून काढलेली खोली कितीही बेमालूम जुळली तरी ती शेजाऱ्याचा वारा आणि आगीच्या वेळचा रस्ता बंद करते.

एका गोष्टीवर काका आणि पुतणी पहिल्यापासून सहमत होते, आणि मीही. जोड लपवण्यासाठी अख्ख्या दर्शनी भागाला चकचकीत पॅनल किंवा टाइल्स चिकटवण्याची जी पद्धत सध्या पसरली आहे, ती पैशाचा अपव्यय आहे. पॅनलच्या मागं ओल दिसत नाही, भेग दिसत नाही, आणि दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच पैशात नीट पाया, कट्ट्यावरची टोपी आणि खिडकीभोवतीची चौकट होते.

या वादात माझा निकाल असा: बांधणीत पुतणीचं ऐकावं, दिसण्या-वावरण्यात काकांचं. पाया, भिंत आणि स्लॅब यांत जुनं-नवं वेगळं ठेवा. पातळी, माप, खिडक्या आणि फरशी यांत एक ठेवा. उलटं करणारी घरं, म्हणजे खाली सळया ठोकून जखडलेली आणि वर भलत्याच मापाच्या खिडक्यांची, कुठल्याही गल्लीत सापडतील.

तुमच्याही घराला खोली काढायची असेल तर कॉन्ट्रॅक्टरला बोलावण्याआधी एक काम करा. जुन्या घराच्या कोपऱ्याशी, भिंतीलगत, माणूस उतरेल एवढा एकच खड्डा पायाचा तळ दिसेपर्यंत खणा. टेप लावून फोटो काढा: पाया किती खोल, किती रुंद, काळी माती कुठं संपते, मुरूम कुठं लागतो. तो फोटो स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि खड्डा त्याच दिवशी थराथरानं ठोकून बुजवा. नवं काम सुरू झालं की स्लॅब ओतण्याआधीच्या सळयांचेही फोटो काढून नकाशासोबत घरात जपून ठेवा, कारण पुढची खोली तुमची मुलं काढणार आहेत.